वासाचं झाड

आमच्या गावात ख्रिसमसचं झाड म्हणजे सुरूची फांदी. डिसेंबर आला की मिशनच्या दवाखान्यात व्हरांड्यात तेलाचा रिकामा डबा ठेवत, त्यात वाळू भरत आणि ती फांदी खोचत. वर बर्फ म्हणून कापूस, तोही दवाखान्यातलाच, ड्रेसिंगचा. आम्ही पोरं शाळेतून येताना गजांतून बघायचो. बर्फ आम्ही फक्त उसाच्या रसात पाहिला होता, त्यामुळे तो झाडावर कशाला ठेवतात हे काही कळायचं नाही. पण झाडाची जात कुठली, असा प्रश्न कुणालाच पडला नाही. फांदी मिळाली, आणली, खोचली.

हे आधी सांगितलं, कारण गेल्या वर्षी जपानमधल्या उरायासुतल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून, ताजं तोडलेलं झाड घ्यायचं तर ते फर या सुयांसारख्या पानांच्या झाडाच्या कुठल्या जातीचं घ्यावं, याचा मी जवळजवळ महिनाभर अभ्यास केला. अभ्यास हाच शब्द. माझे वडील एसटी डेपोत मेकॅनिक, आई चौथी शिकलेली, आणि घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. अशा माणसाला एक खोड लागते. त्याचे स्वतःचे सगळे प्रश्न अभ्यासाने सुटलेले असतात, म्हणून उरलेल्या जगाचेही तसेच सुटतील असं तो धरून चालतो. बायको पुण्याची, तिच्या घरात तीन पिढ्या पदवीधर. ती प्रश्न पडला की आधी चहा करते.

मागणी आमच्या लेकीची होती. ती तेव्हा नऊ वर्षांची, इथल्या सरकारी शाळेत. नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, या वर्षी खरं झाड आणू या. वासाचं."

आमच्याकडे प्लास्टिकचं होतं. इथे ख्रिसमसचा धर्माशी फारसा संबंध नाही. सगळेच दिवे लावतात, केक खातात आणि दुसऱ्या दिवशी सगळं उतरवून नव्या वर्षाच्या तयारीला लागतात. आम्हीही त्यातलेच.

"आहे ते काय वाईट आहे?" मी म्हटलं.

"त्याला वास नाही."

"मग खाली एक उदबत्ती लावू की."

लेक उठून खोलीत गेली. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की मी टीव्हीचा आवाज आपणहून बंद केला.

"तुला खरंच कळत नाही का?" ती हळू आवाजात म्हणाली. "वर्षभरात तिची एकतरी मैत्रीण घरी आलीय?"

मग तिने मला सांगितलं. आदल्या वर्षी वर्गातल्या चार मुली घरी खेळायला आल्या होत्या. दारात बूट काढता काढता त्यांतली एक, चष्मेवाली, म्हणाली होती, "कसला तरी वास येतोय." तेवढंच. भांडण नाही, चिडवणं नाही. बाकीच्यांनी नाक वर करून हुंगलं, मान हलवली आणि मग तासभर छान खेळल्या. पण त्यानंतर लेक मैत्रिणींना बागेत भेटते, स्टेशनजवळच्या दुकानांत भेटते, घरी बोलवत नाही. शाळेचं जाकीट ती स्वयंपाकघराजवळच्या खुंटीला न लावता प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवते.

"तिला सुट्टी लागली की त्या चौघींना बोलवायचंय," बायको म्हणाली. "घरात झाडाचा वास असला तर बोलवीन, म्हणाली. समजलं? उदबत्ती म्हणे."

समजलं. मला ते तसं आधीच समजायला हवं होतं, कारण ऑफिसला घालायचा माझा कोट मी सहा वर्षं बाल्कनीत टांगतोय. पाऊस असला तरी. 'हवेशीर राहतो' असं मी घरात सांगतो. एकाच घरात बाप आणि लेक आपापले कपडे फोडणीपासून लपवत होते आणि एकमेकांना पत्ता लागू देत नव्हते.

तर झाड आणायचं ठरलं आणि मी कामाला लागलो. तोयोसुच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी फर झाडांवर वाचू लागलो. तोवर मला वाटे, की ख्रिसमस ट्री ही एक जात आहे, जशी केळ. निघाल्या कितीतरी. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांनी माझ्या पडद्यावर झाडांची चित्रं पाहून विचारलं, की हा नवा प्रकल्प आहे का. मी म्हटलं, घरचा आहे. त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, "मुदत कधीची?"

एका शनिवारी आम्ही तिघं कोतोमधल्या एका मोठ्या रोपवाटिकेत गेलो. तिथे चार जाती नमुन्याला ठेवल्या होत्या. हिरवा एप्रन घातलेली एक तरुण मुलगी समजावून सांगायला आली. मी वही काढणार होतो, बायकोने माझा हात पिशवीतच दाबून धरला.

"हे नॉर्डमन," मुलगी म्हणाली. "पानं मऊ, मुलांना टोचत नाहीत. सहसा गळतही नाहीत. पाणी द्यायचं एखाद दिवस राहिलं तरी सांभाळून घेतं."

मी हरखलो. गडद हिरवं, सगळीकडून सारखं भरलेलं, तक्रार न करणारं झाड. आमच्या शाळेत बक्षीस समारंभाला ज्या मुलांना पुढच्या रांगेत बसवत, त्यांच्यातलं वाटलं.

"वास?" लेकीने विचारलं.

"वास तसा फारसा नाही."

"पण गळत नाही," मी लेकीला सांगितलं. "स्वभाव बघ त्याचा."

"तू झाड निवडतोयस की जावई?" बायको म्हणाली.

दुसरं नोबल. निळसर, ताठ, फांद्या इतक्या दणकट की वर पितळी घंटा टांगली तरी वाकणार नाहीत. तिसरं मोमी, जपानच्या डोंगरांतलं, इथलं स्वतःचं फर. कोवळ्या झाडाच्या प्रत्येक सुईला टोकाशी दोन दात. ते किती टोचतात ते मी वाचलेलं होतं, तरी अंगठा लावून पाहिला आणि वाचलेलं बरोबर निघालं. चौथं होक्काइदोहून येणारं, तोदोमात्सु. बारीक, लवचीक, जरा विस्कटलेलं. इतरांच्या शेजारी ते अंघोळ न करता शाळेत आलेल्या पोरासारखं दिसत होतं.

वास कसा बघायचा हा प्रश्न होता. मुलीने खाली पडलेल्या डहाळ्या दिल्या. मी त्या चुरगाळून, मास्क खाली ओढून, एकेक हुंगू लागलो. आजूबाजूची माणसं शांतपणे झाडांकडे लांबून बघत होती, कुणी कशाला हातही लावत नव्हतं.

"कोथिंबीर घेतोयस का?" बायको पुटपुटली. "निम्मं दुकान बघतंय."

मग तिने लेकीला डोळे मिटायला लावले आणि एकेक डहाळी तिच्या नाकाशी धरली. नॉर्डमनला लेक म्हणाली, "काही नाही." नोबलला म्हणाली, "संत्र्याची साल. थोडीशी." मोमी नाकाला टोचलं म्हणून ते बादच झालं. तोदोमात्सु तिने एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं. डोळे न उघडता बायकोचं मनगट धरून डहाळी परत नाकाशी नेली.

"हे," ती म्हणाली.

मीही घेतला वास. कापूर आणि पावसात भिजलेलं गवत, असं काहीतरी.

एप्रनवाली मुलगी म्हणाली, की हे मागणी आली की तिकडे तोडून पाठवतात. याला पाणी भरपूर लागतं. आणि घरी पोचलं की लगेच बुंधा दोन बोटं करवतीने कापायचा आणि पाण्यात उभं करायचं. कारण प्रवासात जुन्या कापावर चीक सुकून तो बंद झालेला असतो, मग झाड पाणी पीत नाही. "लगेच," ती पुन्हा म्हणाली. मी मान डोलावली. सूचना ऐकताना मी फार छान मान डोलावतो. माझ्या एकूण शैक्षणिक प्रगतीत त्या मानेचा वाटा मोठा आहे.

तरीही घरी येऊन मी गुणांचा तक्ता केलाच. टिकाऊपणा, मऊपणा, फांद्यांची ताकद, आकार, वास. नॉर्डमन पहिलं आलं. नोबल दुसरं. तोदोमात्सु तिसरं, मोमीच्या जेमतेम पुढे.

"वासाला किती गुण ठेवलेस?" बायकोने चहा ढवळत विचारलं.

"शंभरातले दहा."

"मग पेपरच चुकीचा काढलास."

मी तक्ता बंद केला आणि तोदोमात्सु मागवलं. घरपोच येण्यासाठी संध्याकाळची वेळ निवडली, कारण दिवसा मी तोयोसुला आणि बायको कोतोतल्या शाळेत मदतनीस म्हणून कामाला. करवत आणली, पाणी मावणारं स्टँड आणलं. लेकीने त्या चौघींना सुट्टीतल्या पहिल्या रविवारचं आमंत्रण दिलं आणि चौघीही येते म्हणाल्या. बायकोने आपण होऊन जाहीर केलं, की झाड आल्यापासून त्या रविवारपर्यंत घरात हिंग, लसूण, मोहरी बंद.

"माझ्याच घरात मला फोडणी देता येत नाही," ती म्हणाली. "पण ठीक आहे. पोरीसाठी. त्या मुली दाराबाहेर पडल्या की मी कढई चढवणार, सांगून ठेवते."

झाड एका मंगळवारी साडेसातला आलं, लांबट खोक्यात, दोरीने बांधलेलं. उघडलं तेव्हा लेक खाली वाकली, तोंड फांद्यांत घातलं आणि तशीच राहिली. खोलीभर वास पसरला. मी जिंकल्यासारखा करवत घेऊन आलो. खोक्यातल्या कागदावरही लाल चौकटीत करवतीचं चित्र होतं. मी ते तीनदा वाचलं. आणि मग, एवढा चांगला क्षण आहे तर आईला दाखवू म्हणून, गावी व्हिडिओ कॉल लावला.

"केवढं आणलंस रे," आई म्हणाली. "कुणाचं आहे?"

"आपलंच. नाताळचं. आता बुंधा कापतो आणि पाण्यात ठेवतो."

"आत्ता?" आईचा चेहरा पडदाभर झाला. "तुझ्या मागं काळोख दिसतोय."

"रात्रच आहे इथे."

"मग कशाला करवत लावतोस? दिवेलागणीनंतर झाडाला हात लावतात का? झोपलंय ते."

"आई, ते तोडलेलंच आहे."

"तोडणाऱ्यानं दिवसा तोडलं असेल. तू का झोपेत कापतोस?"

"तुझ्याकडे तर अजून ऊन आहे."

"झाड कुठं आहे? तिकडं ना? मग तिकडचा अंधार धरायचा."

माझ्याकडे इंजिनीअरिंगची पदवी होती, जपानी भाषेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र होतं, पण लहानपणी संध्याकाळी अंगणातल्या तुळशीचं पान तोडलं म्हणून खाल्लेला धपाटाही पाठीवर होता, आणि पाठ जास्त जुनी होती.

"ते झोपलेलं नाही, मेलेलं आहे," बायको पडद्याच्या बाहेरून म्हणाली. "काप."

"पाणी पाज नुसतं," आई म्हणाली. "पाण्याला काही नाही. सकाळी काप काय कापायचं ते."

दोघींचं राखणारा एक मार्ग मला दिसला आणि तो मला फार हुशारीचा वाटला. मी झाड न कापता, तसंच, पाण्याने भरलेल्या स्टँडमध्ये उभं केलं. आई खूश. मी सकाळी सहाला उठून कापणार होतो. सकाळी उठलो तेव्हा ते इतकं सुंदर दिसत होतं की म्हटलं संध्याकाळी बघू. डिसेंबरात इथे साडेचारलाच दिवस मावळतो. मी घरी येतो साडेसातला. म्हणजे आईच्या नियमाने सोमवार ते शुक्रवार या देशात झाडाला करवत लावायला मुहूर्तच नाही. शनिवारी फोनवर आईने सांगितलं, की आज अवस आहे, आज नको.

पण तोवर मी निश्चिंत झालो होतो. कारण रोज सकाळी मी स्टँडमधलं पाणी बघायचो आणि ते होतं तेवढंच असायचं.

"बघ," मी बायकोला म्हणायचो, "उगाच सांगत होती ती मुलगी भरपूर पाणी लागतं म्हणून. किती समाधानी झाड आहे."

बायको आठवडाभर उकडलेला बटाटा आणि पाव खात होती, तिचं समाधानाविषयीचं मत वेगळं होतं. "तू करवत वापरणार आहेस, की तीही पूजेला ठेवलीयस?" तिने एकदा विचारलं. मी पाण्याच्या पातळीकडे बोट दाखवलं. आणखी एक गोष्ट मी केली. थंडी वाढली म्हणून जमीन तापवायची जी सोय इथल्या घरांत असते ती सुरू केली. झाड बरोबर त्या तापणाऱ्या भागावर उभं होतं. गार पाण्यात उभ्या असलेल्या झाडाला तेवढीच ऊब, असं माझ्या मनात आलं होतं, हे आता लिहिताना मान खाली जाते.

गुरुवारी लेक चांदणी लावायला गेली. बाही एका फांदीला घासली आणि सरीसारखा आवाज झाला. फांदी उघडी पडली. सुया तिच्या मोज्यांवर. तिने दुसऱ्या फांदीला एका बोटाने हात लावला. तीही रिकामी.

ती रडली नाही. म्हणाली, "त्यांना सांगू का, येऊ नका म्हणून?"

जपानीत म्हणाली. घरात आमचं मराठी तिला समजतं, पण ती उत्तर जपानीत देते, त्यात काही नवं नव्हतं. पण हे वाक्य तिने इतकं पाठ केल्यासारखं म्हटलं, की ते तिच्याजवळ वर्षभर तयार असावं असं वाटलं.

"नाही, नाही," मी म्हटलं. "मी बघतो."

शुक्रवारची मी अर्धी रजा टाकली. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांना कारण सांगितलं, तेव्हा त्यांनी हलकेच वाकून मला यश चिंतलं. भर दुपारी, लख्ख उन्हात, झाड बाल्कनीत आडवं करून मी बुंधा कापला. जुन्या कापावर चीक काचेसारखा घट्ट झाला होता. कापताना आणखी बरंच झाड माझ्या डोक्यात आणि कॉलरमध्ये पडलं. परत पाण्यात उभं केलं आणि समोर बसून राहिलो. अंधार पडेपर्यंत स्टँडमधलं पाणी निम्म्यावर आलं. मी ओतलं, पुन्हा खाली गेलं. दीड आठवडा ते बिचारं पाण्यात पाय बुडवून तहानलेलं उभं होतं, आणि मी त्याचं कौतुक करत होतो.

बायको घरी आल्यावर मी तिला रिकामी बादली दाखवली.

"काय म्हणतंय तुझं समाधानी झाड?" ती म्हणाली.

जे गेलं ते परत येणार नव्हतं. शनिवारभर मी डागडुजी केली. टक्कल पडलेली बाजू भिंतीकडे फिरवली, तर तिकडून नवं टक्कल समोर आलं. मध्ये दिव्यांच्या माळा जास्त गुंडाळल्या. झाडाभोवती खुर्च्या मांडून त्यांना दोरी बांधली आणि घरातल्यांनी जवळून जाताना हळू पावलं टाकायची असा नियम केला. लेकीने सगळं बघून घेतलं. आमंत्रण तिने रद्द केलं नाही, कारण बायकोने तिला विचारलं, की वास येतोय ना अजून? तिने हुंगलं आणि म्हणाली, येतोय. तेवढ्यावर रविवार आला.

चौघी सकाळीच आल्या. मी स्वयंपाकघरात पाण्याचे पेले पुसायचं सोंग करत उभा होतो. तिथून दार दिसतं. लेक दाराशी भिंतीला पाठ लावून उभी. बूट काढले, ओळीत लावले. चष्मेवाली सगळ्यांत शेवटी आली. आत पाऊल टाकलं, थांबली आणि नाक वर केलं. पेला माझ्या हातात तसाच राहिला.

"तुमच्या घराला आंघोळीचा वास येतोय," ती म्हणाली.

इथे टबातल्या गरम पाण्यात टाकायच्या सुगंधी पुड्या मिळतात आणि त्यांत एक रानाच्या वासाची असते. बाकीच्या तिघींनी हुंगलं आणि एकमताने सांगितलं, की हो, तीच, हिरवी पुडी. चौघींतल्या एकीच्या आजोबांना तीच लागते. म्हणजे होक्काइदोहून आलेलं झाड, माझा महिनाभराचा अभ्यास, बायकोचं व्रत, आणि आमच्या घराला वास सुटला होता कुणाच्यातरी आजोबांच्या टबाचा.

लेक मात्र हसली. अगदी थोडंसं, पण पाठ भिंतीपासून सुटली.

मग त्या झाडाशी गेल्या. मी लावलेली दोरी त्यांना खेळ वाटली, खालून सरकून गेल्या. चष्मेवालीने एक फांदी हलवली. सर आली. "पाऊस," ती म्हणाली आणि दुसरी हलवली. मग सगळ्याच हलवू लागल्या, एकीने खाली डोकं धरलं, एकीने टोपी. मी पेला ठेवून पुढे निघालो होतो. बायकोने मागून माझा शर्ट धरला.

"थांब," ती म्हणाली.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी नियम केला होता आणि आमच्या घरात बापाने केलेले नियम, ते कितीही मूर्खपणाचे असले तरी, ती पाळते. मी हाताने खूण केली, की चालू दे. तिने दोन्ही हातांनी खोड धरलं आणि असं गदगदा हलवलं, जशी लहानपणी आम्ही चिंचेची फांदी हलवायचो. जे काही उरलं होतं ते खाली आलं. आणि खरं सांगायचं तर इतका वास त्या झाडाला दुकानातही नव्हता. पायाखाली सुया चुरडल्या जात होत्या आणि सगळं घर कापूर-गवत झालं होतं.

बाराच्या सुमाराला बाहेर पाऊस लागला. मुलींना जेवायच्या वेळेपर्यंत घरी जायचं होतं, पण आयांचे निरोप आले, की पाऊस उतरू द्या. केक संपलेला, तांदळाच्या कुरकुरीत चकत्या संपलेल्या. लेक स्वयंपाकघरात आली. केसांत सुया.

"आई," ती मराठीत म्हणाली, "त्यांना भूक लागलीय. काहीतरी कर ना."

"ब्रेड आहे. बटाटे उकडलेत."

"ते नको. पोहे कर."

बायकोने तिच्याकडे पाहिलं. "फोडणी द्यावी लागेल."

"मग दे."

"वास येईल."

लेकीने खांदे उडवले. तिकडून कुणीतरी हाक मारली आणि ती पळाली. बायको क्षणभर हातात पोह्यांची पिशवी घेऊन उभी राहिली. मग कढई चढवली. मी पंखा पूर्ण वेगाने लावायला गेलो तर म्हणाली, "राहू दे मध्यमवर."

मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरची पडली. दीड आठवड्याच्या उपासानंतर तो वास माझ्याच नाकाला इतका दांडगा लागला की मी खोकलो. बाहेरच्या खोलीतून कुणीतरी खोकलं. आणि मग चष्मेवालीचा आवाज आला, अगदी आदल्या वर्षी होता म्हणून बायकोने सांगितला होता तसा, साधा, चौकशीचा.

"कसला तरी वास येतोय."

बायकोचा झारा थांबला.

"हो," लेक म्हणाली. मी डोकावलो तर ती जमिनीवर पालथी पडून सुयांचा ढीग करत होती, तिने मानही वर केली नव्हती. "आमच्याकडचा आहे. ती बाजू तू भर, मी इकडून भरते."

आणि चष्मेवाली ती बाजू भरू लागली.

पोहे चौघींनी मिटक्या मारत खाल्ले असं लिहिण्याचा मोह होतो. एकीने दोनदा घेतले. एकीने शेंगदाणे ओळीने बशीच्या कडेला मांडून ठेवले. एकीने दोन चमचे खाऊन नम्रपणे आभार मानले. चष्मेवालीला तिखट लागलं, ती तीन पेले पाणी प्यायली, आणि जाताना तिने कोटाच्या खिशात सुया भरून नेल्या, आजोबा तिचेच, त्यांच्या टबात टाकायला. त्यांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

झाडाचा सांगाडा कापून, दोरीने बांधून, मी कचऱ्याच्या नेमलेल्या दिवशी ठेवला. सुया एप्रिलपर्यंत सापडत होत्या. एक माझ्या जेवणाच्या डब्याच्या झाकणात निघाली. आईने फोनवर विचारलं, झाड कसं आहे. मी म्हटलं, गेलं. ती म्हणाली, "बघ, तोडलेलं असलं तरी जीव असतो." तिचा नियम पाळल्यामुळेच गेलं, हे मी तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

माझा कोट अजून बाल्कनीत असतो. सवय आहे. लेकीचं जाकीट उन्हाळ्यानंतर कधीतरी स्वयंपाकघराजवळच्या खुंटीवर आलं.

परवा पुन्हा नोव्हेंबरातला रविवार होता. मी गेल्या वर्षीचा तक्ता उघडला. चुकांतून शिकायला मी तयार असतो, म्हणून या वेळी वासाला शंभरातले पन्नास गुण ठेवले आणि लेकीला बोलावलं.

"कुठलं आणायचं?"

तिने पडद्याकडे पाहिलं, रकान्यांकडे पाहिलं. तिला खाली मैत्रिणींकडे जायचं होतं, एक हात जाकिटाच्या बाहीत होता.

"कुठलंही," ती म्हणाली.

"वासाचं?"

"असलं तरी चालेल, नसलं तरी चालेल. बाबा, मी जाऊ?"

ती गेली. 'कुठलंही' या उत्तराला कुठल्या रकान्यात किती गुण द्यायचे ते मला कळेना. बायकोने चहा आणून ठेवला आणि माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं.

"नॉर्डमन घे," ती म्हणाली. "पाणी द्यायचं राहिलं तरी सांभाळून घेतं म्हणाली होती ना ती दुकानातली मुलगी? आपल्या घरात तसंच पाहिजे."